बैठकीतले नाट्यगृह

गतवर्षी दिवाळीस आमचा नागपूरचा पुतण्या घरी आला, तो मोटारीत सात खोकी घालूनच आला. मुलांस वाटले, फटाके असावेत. उघडून पाहता एक काळे, जड, पुढील अंगास दोन वाटोळ्या खुंट्या असलेले यंत्र निघाले. त्यास रिसीव्हर म्हणतात. उरलेल्या सहा खोक्यांत त्याचा परिवार होता : पाच स्पीकर, आणि सहावा, धान्याच्या लहान कोठीएवढा सबवूफर. दोन दिवस भिंतींस खिळे ठोकण्यात गेले. तिसऱ्या दिवशी दुकानातील मनुष्य आला. त्याने तारा जोडल्या, रिमोटवरील एक कळ दाबली, "आता सगळीकडून आवाज येईल" असे आश्वासन दिले आणि चहा घेऊन तो निघून गेला. बोर धरणाच्या वाटेवरील आमच्या हिंगणी गावातील एका जुन्या बैठकीचे त्या सायंकाळी नाट्यगृह झाले.

सगळीकडून आवाज आला, हे खरे. पहिले आठ दिवस घरात उत्सवच होता. शेजारची मंडळी जेवणे आटोपून येऊन बसत. पडद्यावर पाऊस लागला की मुले खिडकीकडे धावत. आमची सौ. असल्या वस्तूंस एरवी 'धूळ साठवण्याची सोय' म्हणते. परंतु तीदेखील एकदा दाराची कडी वाजली असे समजून उठून गेली आणि हसत परत आली.

या उत्सवात घरातील एक मनुष्य हळूहळू बैठकीतून नाहीसा होत होता, हे लक्षात यावयास आम्हास दीड महिना लागला. इतका विलंब लागावा याची आज लाज वाटते. आमचे वडील बंधू, ज्यांस घरात लहानथोर सारे दादा म्हणतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रात्रीचे जेवण झाले की खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसावे, चित्रपट किंवा मालिका पाहावी, मध्येच एखाद्या पात्राच्या मूर्खपणावर शेरा मारावा आणि दहा वाजता उठावे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. नवे यंत्र आल्यापासून ते साडेआठलाच 'झोप येते' म्हणून उठू लागले. पुढे पुढे तर जेवणावरून परस्पर आपल्या खोलीत जाऊ लागले. वय झाले, असे आम्ही मनाशी म्हणून सोडून दिले. एका रात्री पाणी प्यावयास उठलो, तो दादांच्या खोलीत दिवा. बैठकीतून हसण्याचा आवाज येत होता आणि दादा खाटेवर जागेच बसून होते.

"दादा, झोप येते म्हणाला होतात ना?" आम्ही विचारले.

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, तुम्ही सारे हसता तेव्हा काय झालं ते मला कळत नाही. ते लोक बोलून राहिले की नुसते गुरगुरून राहिले, तेच समजत नाही. दोनदा सूनबाईला विचारलं, तिनं सांगितलं बिचारीनं. तिसऱ्यांदा कसं विचारायचं? त्यापेक्षा इथं बरं."

आता पाहा, जुना टीव्ही होता तेव्हा याच दादांस सारे कळत होते. त्याच्या कितीतरी पट किमतीचे यंत्र आले आणि कळेनासे झाले. दोष त्यांच्या कानांस देऊन मोकळे होणे सोपे होते. परंतु कान एका दिवाळीत असे म्हातारे होत नसतात. आणि मागच्या बाकावरील मुलास आपला शब्द पोचतो की नाही, हेच पाहण्यात ज्याची पस्तीस वर्षे वर्गात गेली, त्यास स्वतःच्या घरच्या मागच्या बाकाकडे दुर्लक्ष करून चालेना. म्हणून या यंत्राचा अभ्यास आम्ही आरंभिला. त्यातून जे हाती आले ते या महिन्याच्या सदरात देत आहोत. कारण असे यंत्र आता आमच्याच घरी नाही, अनेक घरी आले आहे, आणि खिडकीजवळची आरामखुर्चीही बहुतेक घरी आहे.

दादांचा नातू वर्ध्यास कॉलेजात शिकतो. दुसऱ्या दिवशी त्यास घेऊन आम्ही यंत्रापुढे बसलो आणि त्याच्या तोंडावरील अक्षरे वाचावयास सांगितले. तो म्हणाला, "ऑल चॅनल स्टीरिओ, नाना." म्हणजे काय? "म्हणजे सगळ्या स्पीकरमधून सगळंच."

रोग येथेच होता. हे यंत्र ज्या निरनिराळ्या रीतींनी आवाज वाटून देते, त्या रीतींस मोड म्हणतात. मोडांची संख्या आमच्या यंत्रात पंधरांच्या वर आहे, आणि दुकानदाराने त्यांतील सर्वांत गाजावाजा करणारा लावून ठेवला होता. ही वाटणी कशी असावी हे समजण्यासाठी वाचकांनी आपल्या गावच्या देवळातील कीर्तन डोळ्यांपुढे आणावे. बुवा समोर मध्यभागी उभे. त्यांच्या एका हातास पेटी, दुसऱ्या हातास तबला. आपण श्रोत्यांत बसलो आहोत आणि आपल्या मागे व बाजूस गावकरी मंडळी नामघोष करीत आहेत. पाच स्पीकरांची रचना नेमकी हीच आहे. टीव्हीखालचा मधला स्पीकर, ज्यास सेंटर म्हणतात, तो बुवा; चित्रपटातील संवाद बहुतांशी त्याच्याच वाटणीस येतात. डावा व उजवा ही पेटी आणि तबला. मागचे दोन म्हणजे भोवतालचे श्रोते, त्यांनी वारा, पाऊस, गर्दी, नामघोष इतकेच करावयाचे. आणि सबवूफर हा डग्ग्याचा घुमारा. आता निरूपण ऐन रंगात आले असता मागील सर्व मंडळींनी बुवांचेच शब्द बुवांबरोबर मोठ्याने म्हणण्यास आरंभ केला, तर पुढे बसलेल्याची काय गत होईल? दादांची तीच गत झाली होती.

त्यांची खुर्ची पडली खिडकीत. मागचा डावा स्पीकर त्यांच्या कानापासून तीन हात नव्हे, जेमतेम तीन फूट, आणि मधला बारा फूट. ध्वनीस एक फूट जावयास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. म्हणजे मागचा आवाज पुढच्याहून आठ सहस्रांश सेकंद आधी त्यांच्या कानी येई. इतक्या क्षुद्र अंतराने काय होते, असे कोणी म्हणेल. परंतु हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने 1949 साली या विषयावर प्रबंध लिहिला. एकच आवाज दोन ठिकाणांहून किंचित मागेपुढे आला, तर कान त्यांस दोन न मानता एकच मानतो आणि जो आधी आला त्याच दिशेस त्याचे घर ठरवितो, हे त्याने प्रयोगांनी दाखविले. म्हणून दादांस पात्राचे तोंड समोर हलताना दिसे आणि शब्द मात्र त्यांच्या पाठीमागून, खिडकीच्या बाजूने येत. ओठ पाहून अर्धा शब्द ओळखण्याची जी सवय उतारवयात प्रत्येकास नकळत लागते, ती अशा वेळी उपयोगी पडेना.

याहून मोठे कारण दुसरे आहे, आणि त्याचे वर्म आमच्या व्याकरणात आहे. स्वर आणि व्यंजन हे भेद आपण लहानपणी पाठ करतो. स्वरांस नाद मोठा. दूरवर ऐकू जातात ते स्वर. परंतु अर्थ प्रकट करतात ती व्यंजने. त्या शब्दाच्या पोटातच 'व्यक्त करणे' हा अर्थ आहे. व्यंजनांतही अघोष, म्हणजे क-ख, च-छ, ट-ठ, त-थ, प-फ आणि श, ष, स ही मंडळी, यांत कंठाचा नाद मुळीच नाही, नुसता वाऱ्याचा झपाटा किंवा स्फोट. हे आवाज उंच पट्टीचे आणि दुबळे. वयोमानाने कान प्रथम जातात ते उंच पट्टीलाच. म्हणून वृद्ध मनुष्य 'मला ऐकू येत नाही' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'ऐकू येते, पण समजत नाही'. वहिनींनी 'ताट केले आहे' म्हणावे आणि दादांनी 'खाट कोणी हलवली?' म्हणून विचारावे, हा विनोद आमच्या घरी रोजचा आहे. अशा कानावर पाच ठिकाणांहून तेच वाक्य मागेपुढे येऊन आदळले, वर फरशीवरून आणि भिंतींवरून त्याचे पडसाद उठले, की एका अक्षराचा स्वर पुढच्या अक्षराच्या व्यंजनावर पसरतो आणि अर्थ बुडून जातो. आवाज मोठा केल्याने हे बुडणे कमी होत नाही. स्वर आणखी मोठे होतात, एवढेच. आमच्या घरी दीड महिना आम्ही दादांसाठी म्हणून आवाज मोठा करीत होतो.

भरतमुनींस हे पुरते ठाऊक होते. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेक्षागृहाची मापे सांगताना त्यांनी मर्त्यांसाठी चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद अशा मध्यम गृहाची निवड केली, आणि कारण दिले ते हेच की, त्याहून मोठ्या गृहात उच्चारलेला शब्द अस्पष्ट होतो आणि मुद्रेवरील भाव दिसेनासे होतात. गृह पर्वताच्या गुहेच्या आकाराचे असावे, त्यास झरोके लहान असावेत व आत वारा खेळू नये, म्हणजे आवाज गंभीर राहतो, असेही ते सांगतात. रंगभूमीचा आद्य शास्त्रकार भव्यतेपेक्षा शब्दाच्या स्पष्टतेस वरचे स्थान देतो. बैठकीत नाट्यगृह थाटणाऱ्याने दुसरे काही न वाचता एवढे वाचले तरी पुष्कळ झाले.

आता मोड कोणता लावावा? नातवाने यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचून दाखविली. तिच्यात मोडांची नावे पुष्कळ आणि विवेक थोडा. आम्ही दोघांनी मिळून एक प्रश्न मुक्रर केला आणि तो प्रत्येक वेळी विचारावयाचा असे ठरविले : हा आवाज मुळात किती मार्गांनी ध्वनिमुद्रित झाला आहे? शिंप्याने कापड पाहून कात्री लावावी, तसे हे आहे.

आमच्या आवडीचे बहुतेक जुने वाङ्मय एकमार्गी आहे. प्रभातचा 1936 चा 'संत तुकाराम', आचार्य अत्र्यांचा 1953 चा 'श्यामची आई', बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या, या सर्वांत आवाज एकच. आजचे यंत्र किंवा टीव्ही तोच आवाज डाव्या आणि उजव्या मार्गाने सारखा पाठवितो. अशा वेळी डॉल्बी सराउंड हा मोड लावला की एक चमत्कार होतो. हा मोड दोन मार्गांतील समान भाग वेचून मधल्या स्पीकरास देतो, आणि असमान भाग भोवती वाटतो. येथे सारेच समान, म्हणून सारेच मध्यभागी जाते. 'श्यामची आई' लावला तेव्हा नातू ओरडला, "नाना, बाकीचे स्पीकर बंद पडले!" बंद पडले नव्हते, त्यांस काही काम नव्हते, म्हणून ते गप्प होते. काम नसता गप्प राहणे हा गुण माणसांत दुर्मिळ आहे, यंत्रात आढळला तर त्याची तक्रार करू नये. काही यंत्रांत 'मोनो मूव्ही' नावाचा मोड असतो, तो एकमार्गी आवाज कृत्रिम रीतीने भोवती पसरवितो. एकदा गंमत म्हणून ऐकावा आणि परत यावे.

दुसरा वर्ग द्विमार्गी आवाजाचा, म्हणजे स्टीरिओचा. याचे जनकत्व बहुधा इंग्रज अभियंता अॅलन ब्लमलाइन यास देतात. त्याने 1931 साली याचे पेटंट मागितले. पत्नीसह बोलपट पाहावयास गेला असता नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि त्याचा आवाज मात्र एकाच जागी खिळून राहतो, हे त्यास खटकले, अशी कथा सांगतात. त्याच साली मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागून आपल्या देशात बोलपटाचा जन्म झाला, आणि मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' त्यापुढील वर्षी आला. म्हणजे इकडे चित्र बोलू लागते आहे तोच तिकडे ते नीट ठिकाणाहून बोलत नाही म्हणून एक मनुष्य अस्वस्थ होता. असो. द्विमार्गी गायन ऐकावयाचे असेल तर स्टीरिओ किंवा डायरेक्ट हा मोड पुरा आहे. डायरेक्टमध्ये यंत्र आपली लुडबूड कमी करते. प्युअर डायरेक्टमध्ये तर त्याच्या तोंडावरील अक्षरेही मालवतात, आणि आमच्या सौ.स तेच सर्वांत आवडते. परंतु मालिका, बातम्या, द्विमार्गी चित्रपट यांत संवाद महत्त्वाचा. तेथे पुन्हा डॉल्बी सराउंड, कारण दोन्ही मार्गांत सारखा असलेला संवाद तो उचलून बुवांच्या तोंडी घालतो. डीटीएस न्यूरल एक्स नावाचा याचा एक भाऊबंद आहे. आमच्या कानांस तो थोडा अधिक पसरट वाटला. क्रिकेटच्या सामन्यास मुलांनी तो ठेवला आहे, आम्ही त्यास हरकत घेतली नाही.

तिसरा वर्ग ज्यांत मुळातच प्रत्येक स्पीकराचा वाटा वेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. पाच पूर्ण मार्ग आणि फक्त खर्जाचा एक अपुरा मार्ग, म्हणून यास 'पाच दशांश एक' म्हणतात. चित्रपटगृहांत डॉल्बीची ही अंकीय पद्धत 1992 साली आणि डीटीएसची 1993 साली आली. छतावरूनही आवाज देणारी डॉल्बी अॅटमॉस 2012 साली चित्रपटगृहांत व 2014 साली घरगुती यंत्रांत आली. अशा चित्रपटास यजमानाने काहीच करू नये. यंत्रावर ऑटो, काहींवर स्ट्रेट, अशा नावाचा मोड असतो, तो लावून हात घडीत ठेवावेत. 'सैराट' (2016) चे पाश्चात्य वाद्यवृंदाचे संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणगृहात जाऊन ध्वनिमुद्रित केले, आणि त्याच चित्रपटाच्या शेवटी दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतला. ज्या मंडळींनी कोठे वाद्य वाजावे आणि कोठे शांतता असावी याचा इतका विचार केला, त्यांच्या रचनेवर आपण रिमोटने आपली दुरुस्ती कशास करावी?

दुरुस्ती करणाऱ्या मोडांचा चौथा वर्गही असतो : हॉल, जॅझ क्लब, रॉक अरीना इत्यादी. यांचा इतिहास अगदीच टाकाऊ नाही. यामाहा या जपानी कंपनीने प्रत्यक्ष सभागृहांतील पडसाद मोजून ते घरी निर्माण करणारे यंत्र 1986 साली काढले, आणि ते काम निष्ठेचे होते. एखाद्या कोरड्या गायनास त्याने थोडा ओलावा येतो. परंतु संवादास हे मोड म्हणजे विजापूरच्या गोलघुमटात नेऊन कानगोष्ट सांगण्यासारखे आहे. गोलघुमट पाहावयास जरूर जावे; कोणी तेथे प्रवचन ठेवीत नाही. आणि ऑल चॅनल स्टीरिओ? तोही निरुपयोगी नव्हे. सत्यनारायणाच्या किंवा हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळी खोलीभर पसरली असता सर्वांस सारखी सनई ऐकू जावी, यासाठी तो उत्तम. तेवढा वेळ वापरावा.

येथे न्यायशास्त्रातील एक जुना वाद आम्हास आठवतो. ध्वनी कानापर्यंत येतो कसा? काही म्हणत, तळ्यात एका लाटेतून दुसरी लाट उठावी तसा, हा वीचीतरंगन्याय. काही म्हणत, कदंबाच्या कळीवर सर्व बाजूंनी एकदम केसर फुटावेत तसा, हा कदंबगोलकन्याय. आमच्या नातवास हा दुसरा न्याय इतका आवडला की, त्याने मित्रांत यंत्राचे नाव कदंब ठेवले आहे.

मोड बदलूनही काही घरी फरक पडत नाही. त्याचे कारण बहुधा यंत्रात नसून त्यास आवाज पाठविणाऱ्या पेटीत असते. सेट-टॉप बॉक्सच्या किंवा टीव्हीच्या ध्वनीविषयक मांडणीत 'पीसीएम' असे निवडलेले असले, तर मूळ चित्रपट पाच मार्गांचा असूनही पुष्कळदा दोनच मार्ग यंत्रापर्यंत येतात. तेथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' यांपैकी जे असेल ते निवडून पाहावे आणि यंत्राच्या तोंडावर कोणते नाव उमटते ते वाचावे. हे आमच्या घरी निघाले. ज्या दिवशी ते सुधारले त्या दिवशी पहिल्यांदा मागचे स्पीकर आपले स्वतःचे असे काही बोलले.

नंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. यंत्राबरोबर एक लहान मायक्रोफोन येतो. दुकानदाराने तो पिशवीतून बाहेरही काढला नव्हता. तो बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर ठेवला म्हणजे यंत्र स्वतःच शिट्ट्या वाजवून प्रत्येक स्पीकराचे अंतर आणि जोर मोजते. (त्या वेळी घरात पूर्ण शांतता लागते. आमच्या घरी ती मिळावयास दोन दिवस गेले.) त्यानंतर मधल्या स्पीकराचा जोर आम्ही तीन डेसिबलने वाढविला. दुसरी गोष्ट, हार्वर्डच्या वॉलेस सबाइन या प्राध्यापकाची आठवण ठेवून केली. 1895 साली एका नव्या व्याख्यानगृहात शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहतो आणि व्याख्यान कळत नाही, हे कोडे त्याच्याकडे आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणून मांडल्या आणि मऊ वस्तू पडसाद किती गिळतात ते मोजले. आम्ही माळ्यावरची मोठी सतरंजी काढून फरशीवर घातली आणि खिडकीस जुन्या रजईच्या खोळीचा दुहेरी पडदा शिवला. खर्च दोऱ्याचा.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण गेली : दादांची आरामखुर्ची हलविणे. वीस वर्षे ती खिडकीत आहे. तेथून रस्ता दिसतो, कोणाकडे पाहुणे आले ते दिसते. ती चार फूट मध्यभागाकडे आणावी, मागच्या स्पीकरापासून दूर आणि मधल्या स्पीकरासमोर, असे आम्ही सुचविताच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यंत्र हलवा, त्यांना कशाला हलवता?" बोलणे रास्त होते. शेवटी तडजोड झाली : दिवसा खुर्ची खिडकीत, दिवा लागला की मध्यभागी. ही ने-आण धाकटी नात करते, आणि त्याबद्दल तिला रोज एक खडीसाखरेचा खडा मिळतो.

रात्रीचा आणखी एक प्रश्न संयुक्त कुटुंबात असतोच. चित्रपटात कुजबुज अगदी हळू आणि स्फोट अगदी मोठा. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवावा, तो स्फोटाने पाळण्यातले मूल उठते, आणि परीक्षेचा विद्यार्थी पुस्तक आपटतो. यासाठी यंत्रात नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज आवळण्याची सोय असते. ती हळूस वर आणते व मोठ्यास खाली दाबते. संगीताच्या भोक्त्यास हा अत्याचार वाटेल, आणि दिवसा तो अत्याचारच आहे. रात्री साडेनऊनंतर आमच्या घरी तो कायदा आहे. सबवूफरही त्या वेळी उतरवून ठेवतो, कारण खर्ज भिंतींतून जातो आणि शेजाऱ्यांस चित्रपटाचे तेवढेच ऐकू येते.

हे सारे करूनही दादांच्या कानांस जे गेले ते परत येणार नाही, हे आम्ही जाणतो. वर्ध्यास कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करावी, लागल्यास कर्णयंत्र घ्यावे, असे आमचे म्हणणे आहे. दादांचे म्हणणे, 'म्हाताऱ्यांसाठी असतं ते.' वाद चालू आहे.

सर्व मांडणी झाल्यावर आम्ही मुद्दाम 'श्यामची आई' लावला. दादांस बैठकीत बोलावणे सोपे गेले नाही. 'तुम्ही पाहा' म्हणून त्यांनी दोनदा टाळले. शेवटी नातीने हात धरून आणले. अर्धा तास ते काही बोलले नाहीत, आम्हीही त्यांच्याकडे पाहण्याचे टाळीत होतो. मग एकाएकी म्हणाले, "हा मी लहानपणी तंबूत पाहिला होता. पडद्यामागे एकच भोंगा होता तेव्हा. सारं गाव बसलं होतं जमिनीवर, आणि शब्दन् शब्द कळला होता." आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागले. मध्यंतराच्या सुमारास एका पात्राच्या मूर्खपणावर त्यांनी शेरा मारला. तो येथे छापण्यासारखा नाही.

हल्ली रिमोट रात्री दादांच्या उशीखाली असतो, आणि कोणी मोड बदलला तर सकाळी चौकशी होते.